पान २०३ वरची पेन्सिलची रेघ : बनावट पुस्तकाच्या एका फौजदारी प्रकरणाचा अभ्यास

(ओळख पटेल अशी नावे, गावे आणि व्यवहारांचे आकडे बदलले आहेत. कायद्याची कलमे आणि निकाल जसेच्या तसे आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्यातला एक छोटा प्रकाशक स्पर्धा परीक्षांची मराठी पुस्तके काढतो. त्याच्या यादीतले सगळ्यात जास्त खपणारे पुस्तक ६४० पानांचे आहे. आकार ७.२५ × ९.५ इंच, ७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) मॅपलिथो कागद, परफेक्ट बाइंडिंग, छापील किंमत ४९५ रुपये. वर्षाला साधारण ५,००० प्रती जातात आणि त्यावरच बाकीच्या यादीचा डोलारा उभा आहे. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन, म्हणजे दुकानदाराला प्रत २९७ रुपयांना पडते. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

२०२३ च्या अखेरीपासून मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याची मागणी आटत गेली. वितरकाचे म्हणणे, भरतीच रखडली आहे, मुले पुस्तक घेत नाहीत. शेजारच्या दोन जिल्ह्यांत खप नेहमीसारखा होता. हे तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरले नाही.

जून २०२४ मध्ये एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तुमच्या पुस्तकात ३०५ ते ३२० पाने दोनदा आहेत आणि ३२१ ते ३३६ नाहीतच." बाइंडिंगमध्ये एक फॉर्म दोनदा लागणे आणि पुढचा सुटणे ही नेहमीची चूक आहे. सोळा पानांचा फॉर्म, विसावा दोनदा, एकविसावा गायब. प्रकाशकाने प्रत बदलून देतो म्हणून जुनी कुरिअरने मागवली. पाकीट उघडल्यावर कळले, हे आपले पुस्तकच नाही.

बनावट प्रत कशी ओळखली

आधी हाताला कळले. प्रत जवळजवळ दीडशे ग्रॅमने हलकी होती. कागद ६० जीएसएमचा, त्यामुळे पाठीची जाडी २९ ऐवजी २५ मिलिमीटर. पाठीवरचे नाव मूळ जाडीच्या हिशेबाने मांडलेले असल्याने एका कडेला सरकले होते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फाटक्या दिसत होत्या. मूळ पुस्तक फाइलवरून प्लेटवर, म्हणजे ज्यावरून छपाई होते त्या धातूच्या पत्र्यावर, गेलेले, त्यात अक्षराची कड स्वच्छ येते. इथे छापील पान स्कॅन करून पुन्हा छापले होते. तक्त्यांमधल्या करड्या पट्ट्यांवर जाळी उमटली होती.

खरा धागा मात्र पान २०३ वर सापडला. तिथे एका ओळीखाली पेन्सिलची रेघ होती, पण रबराने खोडता येईना, कारण ती छापलेली होती. ज्या प्रतीवरून स्कॅन केले त्या प्रतीत कुण्या विद्यार्थ्याने रेघ मारली होती आणि ती सगळ्या बनावट प्रतींत उतरली. शब्द कसे जुळले यावर न्यायालयात वाद घालता येतो. त्या रेघेवर वाद घालायला जागा नव्हती. ज्या प्लेटवर ती सापडेल, त्या प्लेटवरून ही पुस्तके निघाली.

फोन करणारा मुलगा घाबरला होता, आपल्यावर केस होईल म्हणून. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत विकत घेणाऱ्यावर स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) कायद्याचे कलम ६३ लागत नाही. हे त्याला नीट सांगितल्यावर तो पुढे साक्षीदार झाला.

कायदा नेमके काय म्हणतो

स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणीवपूर्वक हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होतो. किमानपेक्षा कमी शिक्षा देता येते, पण हक्कभंग धंद्यातल्या फायद्यासाठी झालेला नसेल तरच, आणि त्याची खास कारणे निकालपत्रात लिहून. पुन्हा दोषी ठरल्यास कलम ६३-अ प्रमाणे कैदेची किमान मर्यादा एक वर्ष आणि दंडाची एक लाख होते. बेकायदा प्रती काढण्यासाठी प्लेट बाळगणे हा कलम ६५ खाली वेगळा गुन्हा आहे, कमाल दोन वर्षे कैद आणि दंड. कलम ६४ उपनिरीक्षक व त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय प्रती आणि प्लेटा जप्त करू देते.

'जाणीवपूर्वक' हा शब्द यातला सगळ्यात जड. पुस्तक बनावट आहे हे दाखवणे सोपे असते. ते बनावट आहे हे समोरच्याला ठाऊक होते, हे दाखवताना प्रकरणे गळपटतात.

समोर असलेले पर्याय

वकिलाची नोटीस पाठवणे हा पहिला विचार. त्याने 'जाणीव' कागदावर येते, कारण नोटिशीनंतरही विकले तर माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. पण नोटीस पोचली की त्याच रात्री माल हलतो आणि छापखाना कधीच सापडत नाही. या प्रकरणात मुलाने जिथून प्रत घेतली त्या दुकानापेक्षा छापखाना महत्त्वाचा होता, म्हणून नोटीस बाजूला ठेवली.

दिवाणी दावा करता आला असता. कलम ६२ मुळे तो पुण्याच्या जिल्हा न्यायालयातच लावता येतो, वादीला आरोपीच्या गावी हेलपाटे नकोत. एकतर्फी मनाई आणि न्यायालयाचा कमिशनर नेमून जप्ती हे मार्ग त्यात आहेत. अडचण अशी की मनाई मिळवायला प्रतिवादी माहीत हवा. दुकानदार माहीत होता, छापणारा नव्हता. दावा नंतरसाठी राखून ठेवला; दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बरोबर चालू शकतात.

बोधचिन्ह नोंदणीकृत असल्याने व्यापारचिन्ह कायदाही जोडावा अशी सूचना आली. दिसायला ती आकर्षक होती. पण त्या कायद्याच्या कलम ११५(४) खाली झडतीला किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी निबंधकाचे मत घ्यावे लागते. त्यात आठवडे गेले असते. कलमे वाढवली की केस मजबूत होते हा गैरसमज अशा वेळी महागात पडतो.

निवड झाली ती थेट पोलिसांत फिर्याद देण्याची, आणि त्याआधी तीन आठवडे पुरावा गोळा करण्याची.

फिर्यादीआधीची तयारी

जुलैमध्ये दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी त्या दुकानातून पाच प्रती घेतल्या. दर प्रत २२० रुपये. बिल मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "या भावात बिल कुठलं?" हे वाक्य आणि यूपीआयने दिलेले पैसे दोन्ही कामाला आले, कारण क्यूआर कोड दुकानाच्याच नावाचा होता. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाखालचे प्रमाणपत्र लागते. तेही कलम ६३च आहे, कायदा वेगळा. नव्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. ती त्याच दिवशी काढून ठेवली.

पाचही प्रतींत पान २०३ वर तीच रेघ होती.

जाणीव सिद्ध करण्यासाठी वितरकाची खातेवही काढली. याच दुकानदाराने २०२२ मध्ये ३०० प्रती २९७ च्या भावाने नेल्या होत्या. ज्याला अस्सल प्रत २९७ ला पडते हे माहीत आहे, तो २२० ला विकतो तेव्हा माल कुठला याची कल्पना नव्हती असे म्हणणे टिकत नाही. छापणाऱ्याविरुद्धचा मुद्दा श्रेयनामावलीच्या पानावरच होता. तिथे पुण्याच्या मूळ मुद्रकाचे नाव तसेच ठेवले होते. आपण छापलेल्या पुस्तकावर दुसऱ्या छापखान्याचे नाव घालणारा 'गिऱ्हाइकाने फाइल दिली, आम्ही छापून दिली' असे म्हणू शकत नाही.

पोलीस ठाण्यातले सहा दिवस

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फिर्याद घेऊन गेल्यावर ठाणे अंमलदाराचे पहिले वाक्य अपेक्षितच होते. "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दुसरा प्रश्न, कॉपीराइटचे नोंदणी प्रमाणपत्र कुठे आहे?

पहिल्यावर उत्तर म्हणून २० मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणातला निकाल पुढे केला. कमाल शिक्षा तीन वर्षे असलेला कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना नोंदवून तपासता येणारा) आणि अजामीनपात्र आहे हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते आणि जुन्या अधिकाऱ्यांच्या मनात तेच बसले आहे. कलम ६५ ची कमाल शिक्षा दोन वर्षे, म्हणून तो एकटा अदखलपात्र; पण दखलपात्र गुन्ह्याबरोबर आला की पूर्ण प्रकरण दखलपात्र धरले जाते. नोंदणीच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा संजय सोया प्रकरणातला निकाल दिला. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही.

अधिकाऱ्याने मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, कलम १७३(३) काढले. तीन ते सात वर्षांखालच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. १ जुलै २०२४ पासूनची ही तरतूद चोरीच्या मालाच्या प्रकरणात घातक ठरू शकते, कारण चौकशीला बोलावलेला माणूस माल हलवूनच येतो. प्रकाशकाने दोन पानी टिपण दिले. प्रती, पैसे दिल्याचा पुरावा आणि खातेवही समोर असताना प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो, चौकशी कशाला? त्याची प्रत कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने गेली. सहाव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला.

सहा दिवस फुकट गेले नाहीत. ते समोरच्याच्या उपयोगी पडले. जुलैत दुकानाच्या मागच्या खोलीत अंदाजे ६०० प्रती दिसल्या होत्या. छाप्यात २१२ मिळाल्या.

दोन छापे, दोन पंचनामे

दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये ट्रान्सपोर्टच्या चार बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) सापडल्या. माल शेजारच्या जिल्ह्यातल्या एमआयडीसीतून बुक झाला होता. इथे निर्णयाचा क्षण होता. लगेच निघायचे, की त्या हद्दीच्या ठाण्याला कळवून सकाळी जायचे? दुसरे पथक तयार ठेवलेले नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली.

६४० पानांचे पुस्तक म्हणजे ४० फॉर्म. २० × ३० इंचाच्या मशीनवर एका फॉर्मला दोन प्लेटा, म्हणून ८०, आणि चार रंगी कव्हरच्या चार, एकूण ८४. छापखान्यात ६१ सापडल्या. वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा भंगारात किलोवर जातात. उरलेल्या बहुधा सकाळीच गेल्या. नशिबाने तेराव्या फॉर्मची आतल्या बाजूची प्लेट शिल्लक होती. पान २०३ तिच्यावर येते. ऑफसेटच्या प्लेटवर मजकूर सुलटाच असतो, त्यामुळे आरसा लागला नाही. डिंकाचा थर ओल्या फडक्याने पुसताच ओळीखालची रेघ पंचांना नुसत्या डोळ्यांनी दिसली. पंचनाम्यात त्या प्लेटची वेगळी नोंद, मोबाइलवर वेगळे चित्रीकरण आणि वेगळे सील.

या दुसऱ्या पंचनाम्यात जे जमले, ते पहिल्यात नव्हते. दुकानातल्या पंचनाम्यात नुसते '२१२ पुस्तके' लिहिले होते. शीर्षक नाही, आवृत्ती नाही, नमुना प्रती वेगळ्या सील केल्या नाहीत. दोन्ही पंच प्रकाशकाचे नोकर होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे चित्रीकरण आवश्यक आहे. ते चार मिनिटांचे निघाले आणि त्यात सील करतानाचा भागच नव्हता. वर घाईत १४० जुनी, इतर प्रकाशकांची पुस्तकेही उचलली गेली. स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ६४(२) ने दिलेल्या पंधरा दिवसांच्या मुदतीत दुकानदाराने अर्ज केला आणि ती पुस्तके परत मिळवली. अर्ज योग्यच होता, पण त्यामुळे संपूर्ण जप्तीच मनमानी होती असे म्हणायला त्याला आधार मिळाला.

अजामीनपात्र म्हणजे अटक नव्हे

प्रकाशकाची अपेक्षा होती की दोघे आत जातील. तसे होत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितले आहे. दुकानदाराला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस मिळाली. छापखान्याच्या मालकाने सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागितला.

त्या अर्जावरच्या सुनावणीत प्रकरणाची सगळ्यात कच्ची वीट निखळली. बचाव पक्षाने लेखकासोबतचा करार मागितला. तो जून २०१६ चा, एक पानी, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढेच लिहिलेला. मुदत कुठेच नाही. स्वामित्वहक्क अधिनियमाचे कलम १९(५) म्हणते, हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानावी. म्हणजे प्रकाशकाचा हक्क जून २०२१ मध्येच संपला होता आणि फिर्यादीत मात्र 'संपूर्ण स्वामित्वहक्क आमचा' असे लिहिले होते.

त्याने गुन्हा नाहीसा होत नाही. मुदत संपल्यावर हक्क लेखकाकडे परतला, आणि लेखकानेही या छापखान्याला परवानगी दिलेली नव्हती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुणीही देऊ शकतो. फिर्यादी हक्कधारकच असला पाहिजे असे नाही. पण हे उत्तर त्या दिवशी तयार नव्हते. जामीन मिळाला, तसाही मिळालाच असता. मात्र आदेशात फिर्यादीच्या हक्काबद्दल शंका नोंदली गेली आणि ती आता प्रत्येक तारखेला वाचून दाखवली जाते.

दुरुस्ती पुढच्या आठवड्यात झाली. लेखकाचा जबाब नोंदवला : पुस्तक माझे, या दोघांना मी परवानगी दिलेली नाही. प्रकाशकाशी नवा करार झाला, त्यात मुदत, प्रदेश, मानधनाचा दर आणि मागच्या हक्कभंगाबद्दल कारवाईचा अधिकार हे सगळे लिहिले. लेखकाने आठ वर्षांत पहिल्यांदाच आपला करार नीट वाचला आणि मानधन दोन टक्क्यांनी वाढवून घेतले. ते रास्तच होते.

निष्पत्ती

जानेवारी २०२५ मध्ये दोघांविरुद्ध प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दोषारोपपत्र गेले. दुकानदारावर कलम ६३, छापखान्यावर ६३ आणि ६५. कलमांचा हिशेब सरळ आहे. धंद्यासाठी छापल्यामुळे किमान शिक्षेतली सवलत छापखान्याला मिळणार नाही, दोष सिद्ध झाला तर सहा महिने ठरलेले.

दुकानदाराने तडजोडीचा हात पुढे केला. दीड लाख रुपये, पुन्हा न विकण्याचे प्रतिज्ञापत्र, आणि छापखान्याशी झालेल्या व्यवहाराचा पूर्ण तपशील. हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे खालच्या न्यायालयात तडजोड सांगून प्रकरण मिटत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागला. प्रकाशकाने हरकत घेतली नाही आणि दुकानदारापुरता गुन्हा रद्द झाला.

त्या संमतीची किंमत होती. कलम ६३-अ ची वाढीव शिक्षा आधी दोष सिद्ध झालेल्यालाच लागते. गुन्हा रद्द झालेला दुकानदार उद्या पुन्हा सापडला तर पहिलटकरच ठरेल. प्रकाशकाने हे समजून हो म्हटले, कारण त्याला दुकानदाराच्या शिक्षेपेक्षा छापखान्याविरुद्धची साक्ष हवी होती. आमच्या मते निर्णय बरोबर होता, फक्त साक्ष आधी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यायला हवी होती. गुन्हा रद्द झाल्यावर दुकानदाराचा उत्साह मावळला आहे.

काय वेगळे करता आले असते

करार सगळ्यात आधी तपासायला हवा होता. वकिलाने तीन आठवडे बिले आणि स्क्रीनशॉट मागितले, करार मागितला नाही. महाराष्ट्रातल्या छोट्या प्रकाशकांचे जुने करार असेच एक पानी असतात. त्यात मुदतीची एक ओळ नसणे हा अपवाद नाही.

दोन छापे एकाच वेळी घालता आले नसते, कारण छापखाना दुकानातूनच कळला. पण जुलैमध्येच पार्सल कुठून येते हे ट्रान्सपोर्टच्या गोदामात शोधणे शक्य होते. तसे झाले असते तर २३ प्लेटा भंगारात गेल्या नसत्या.

पंच बाहेरचे हवेत : शेजारचा दुकानदार, पोस्टमन, कुणीही, फक्त फिर्यादीच्या पगारावर नसलेला. जप्ती एका शीर्षकापुरती, प्रत्येक गठ्ठ्यातून दोन नमुने वेगळे, सीलवर पंचांच्या सह्या, चित्रीकरण सील लागेपर्यंत.

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच पुस्तकाची पीडीएफ फिरत होती, ती या प्रकरणात घेतली नाही. तिच्यात पेन्सिलची रेघ नव्हती, म्हणजे ती वेगळ्या हातातून आली होती. एका फिर्यादीत दोन्ही घातले असते तर दोन्ही विस्कटले असते.

छापखान्याविरुद्धचा खटला सुरू आहे. २१२ प्रती आणि ६१ प्लेटा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहेत. आरोपी दोषी ठरो वा न ठरो, कलम ६६ खाली त्या हक्कधारकाकडे देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. तो अर्ज आता लेखकाच्या नावाने दिला आहे. त्यात एक विनंती जास्तीची आहे, खटला संपेपर्यंत प्लेट क्रमांक २६ ला, म्हणजे पान २०३ च्या त्या प्लेटला, हात लावू नये.